उजव्या बाजूची नस

वडील गेल्यानंतर हसनाबादच्या घरात आम्ही तिघंच उरलो: माय, दादा आणि मी. मी गावातल्याच शाळेत मास्तरीण होते. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, सोसायटीत कारकून. माझं झाल्याशिवाय स्वतःचं लग्न करायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि ते तो कुणाला सांगतही फिरत नव्हता. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या वर्षी त्यानं माझी सोयरीक जमवली. मुलगा औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायचा. आमच्याच समाजातला, शिकलेला, बोलायला मऊ.

बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावून साखरपुडा झाला. जेवणं झाल्यावर कुणीतरी काहीतरी बोललं आणि मी मान मागे टाकून हसले. तो समोरच बसला होता. हळूच म्हणाला, "तुमच्या गळ्यात हे काय उडून राह्यलं?"

गळ्याखालच्या उजव्या हाडाच्या वर, बोराएवढा एक उंचवटा. हात लावला की ठोके लागायचे. लहानपणापासून तो तिथंच होता. सगळ्यांनाच असा असतो, अशी माझी समजूत होती. मायनं तर न्हाऊ घालताना शेकडो वेळा पाहिला असेल.

"दाखवून घेऊ," तो म्हणाला. "मी तिथंच असतो. काळजी करू नका."

त्याच्या त्या बोलण्यानं मला इतकं बरं वाटलं, की लग्नाआधीच आपलं कुणीतरी झालं असं वाटलं.

दवाखान्यात मला एका थंडगार टेबलावर झोपवलं. उजव्या कोपराजवळ जाड सुई घातली आणि औषध जोरानं आत सोडलं. हातातून, खांद्यातून, गालापर्यंत आग आग झाली. तो काचेमागं उभा होता. "हलू नका, एकदाच," असं तिथून सांगत होता. मी हलले नाही. फोटो त्यानंच धुतला. मोठ्या डॉक्टरांनी तो पाहिला तेव्हा खोलीत तोच होता. दादाला आणि मला बाहेर बाकावर बसवलं होतं.

अर्ध्या तासानं तो बाहेर आला आणि दादाच्या शेजारी बसला. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

"नस फुगलीय," तो म्हणाला. "कधी फुटंल ते सांगता येत न्हाई. ऑपरेशन करण्यासारखी जागा न्हाई. ओझं उचलायचं न्हाई, पळायचं न्हाई. आणि बाळंतपण तर बिलकुल न्हाई."

दादानं विचारलं, "डॉक्टर असं म्हणाले?"

"असंच म्हणाले."

फोटो त्यानं खाकी पाकिटात घालून माझ्या हातात दिला. सोबतचा इंग्रजी कागद दवाखान्यात ठेवावा लागतो म्हणाला. पंधरा दिवसांनी त्याच्याकडून निरोप आला, की घरचे तयार नाहीत. मला राग आला नाही. उलट त्याचीच कीव आली. रडत असेल बिचारा, असं वाटलं.

त्यानंतरची दोन वर्षं मी मरायला टेकलेल्या बाईसारखी काढली. मायनं मला घागर उचलू दिली नाही. माझी लुगडीसुद्धा तीच धुवायची. हेडमास्तरांनी मला पहिलीचा वर्ग दिला आणि पोरांना ताकीद दिली, की बाईंना ओरडायला लावायचं नाही. पोरं खरंच घाबरून कुजबुजत बोलायची. मी खो-खो शिकवायचे, ते बंद झालं. बी.ए.चा बाहेरून फॉर्म भरला होता, परीक्षेला बसले नाही. मरणाऱ्या बाईला पदवी कशाला? उजव्या कुशीवर झोपायचं मी सोडलं, आणि मोठ्यानं हसायचंही. वर्गात फळ्यावर लिहिताना डावा हात आपोआप गळ्याशी जायचा.

सोयरीक मोडल्यावर चार महिन्यांत त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं, औरंगाबादेतच. ते ऐकून दादा संतापून त्याच्याकडे गेला होता. संध्याकाळच्या बसनं परत आला, हातपाय धुतले आणि जेवायला बसला. मी विचारलं, "काय म्हणाला?" दादा म्हणाला, "त्याला त्याचं आयुष्य हाय. आपण काय बोलणार?" माझं आता होणार नाही असं धरून त्याच उन्हाळ्यात दादाचंही लग्न झालं. वहिनी घरी आली. तिनं पहिल्या दिवसापासून मला काचेच्या भांड्यासारखं जपलं.

पुढच्या वर्षी माझा कान ठणकायला लागला म्हणून भोकरदनच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं नुकतीच एक डॉक्टरीण बदलून आली होती. कान पाहता पाहता तिची बोटं माझ्या गळ्याशी थांबली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तो फोटो घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी पाकीट नेलं. तिनं फोटो खिडकीच्या काचेवर धरला आणि बराच वेळ पाहिला.

"तुम्हाला कुणी सांगितलं नस फुगली आहे?"

"तिथल्या डॉक्टरांनी."

"तुमच्या तोंडावर?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

तिनं मला जवळ बोलावलं. पांढरी रेघ छातीतून वर येत होती, हाडाच्या वर बाजूला वळत होती आणि वळसा घेऊन पुन्हा सरळ जात होती. "ही डोक्याकडे जाणारी मोठी नस. तुमची जरा लांब आहे, म्हणून वाकली आहे. जाडी पाहा, खालपासून वरपर्यंत सारखी. फुगलेली कुठंच नाही. काही माणसांची ठेवणच अशी असते. वळण कातडीच्या जवळ आलं म्हणून बाहेरून उडताना दिसतं. मला तरी यात आजार दिसत नाही. पण माझ्या शब्दावर राहू नका. त्यांच्या कागदाची नक्कल मागवू."

नक्कल यायला महिना लागला. तिनं ती मला ओळीओळीनं वाचून दाखवली. नस वाकलेली, फुगवटा नाही, जन्मजात वेगळेपण, उपचाराची गरज नाही. खाली मोठ्या डॉक्टरांची सही होती. सहीखाली, फोटो घेणाऱ्याच्या जागी, त्याची सही होती.

डॉक्टरीण म्हणाली, "आनंद व्हायला पाहिजे तुम्हाला." मी मान हलवली. ती नक्कल मी मागून घेतली.

तोवर तो नोकरी सोडून जालन्याला आला होता. तिथं मस्तगड भागात एका खासगी दवाखान्यात काम करायचा. मी एकटीच गेले. मला पाहून तो उठून उभा राहिला. मी कागद त्याच्या टेबलावर ठेवला.

"हे तुम्ही वाचलं होतं?"

त्यानं कागदाला हात लावला नाही. "वाचलं होतं."

"मंग?"

"मला आधीपासूनच दुसरीकडे करायचं होतं. घरच्यांनी जबरदस्तीनं तुमच्याशी जमवलं. साखरपुडा मोडला असता तर समाजानं मला सोडलं नसतं. मला दुसरं काही सुचलं न्हाई."

"मी दोन वर्षं रोज मरणाची वाट पाहिली."

तो खाली बघत म्हणाला, "तुमच्या दादाला मी खरं सांगितलं होतं. ते भांडायला आल्ते तेव्हाच. मला वाटलं, त्यांनी तुम्हाला सांगितलं असंल."

जालना ते हसनाबाद बसमध्ये मला काहीच दिसलं नाही. त्याच्यावरचा राग कुठल्या कुठं गेला होता. तो परका होता. माझ्या डोळ्यांपुढं एकसारखा दादा येत होता, हातपाय धुऊन जेवायला बसलेला.

दादा सोसायटीतून परत येत होता, मी त्याला रस्त्यातच गाठलं. त्यानं नाकारलं नाही.

"माझ्या सोयरिकीचं बोलणं चालू होतं," तो म्हणाला. "बहिणीला पोरानं टाकलं म्हटल्यावर पोरीकडच्यांनी शंभर प्रश्न विचारले असते. तुझ्याच चालीवर बोट ठेवलं असतं लोकांनी. आजाराला कुणी नावं ठेवत न्हाई, बाई."

"लग्न झाल्यावर सांगायचं होतंस."

"रोज ठरवायचो. जितका उशीर झाला, तितकं अवघड होत गेलं."

"मी परीक्षेला बसले न्हाई तेव्हा तू समोर होतास."

तो रडायला लागला. भर रस्त्यात. "मायला सांगू नको," एवढंच म्हणाला. मी ऐकलं. मायला सांगितलं, की पहिल्या डॉक्टरांची चूक झाली, मला काही झालेलं नाही. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

गावाला मात्र ते पटलं नाही. वरवर बरी दिसते, पण आतून पोखरलेली आहे, असं लोक म्हणायचे. स्थळ आलं की कुणीतरी आधीच जाऊन सांगायचं. मी भोकरदनला बदली मागून घेतली, खोली केली आणि बी.ए.चा फॉर्म पुन्हा भरला. पण मायपासून लपवलेली ती गोष्ट मला गिळता येईना. शेवटी हिवाळ्यात मी तिला पत्र लिहिलं. दादानं काय केलं ते सगळं लिहिलं. मायला वाचता येत नव्हतं. तिची पत्रं दादाच वाचून दाखवायचा, हे मला माहीत होतं. त्याच्याच तोंडून तिला कळावं, असं मी ठरवलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले. दादा आणि वहिनी तिच्या माहेरी गेले होते. माय जोंधळे पाखडत होती. मी विचारलं, "माझं पत्र आल्तं ना?"

"आल्तं की. तू खुशाल हायेस, शाळा बराबर चाललीय, तिकडं थंडी लई हाय."

पत्रात थंडीचं अक्षरही नव्हतं.

मी तिच्यासमोर बसले आणि पत्रात काय होतं ते पहिल्यापासून सांगितलं. तिचं सूप थांबलं. माझं संपल्यावर म्हणाली, "वाचताना दोनदा थांबला होता तो. मला वाटलं, तुझं अक्षर लागत न्हाई."