सात संमतीपत्रं

“सही नका करू गं, धरणाच्या वेळी बी असाच कागद आणला व्हता,” मागे बसलेली एक बाई शेजारणीच्या कानात म्हणाली आणि ते मला स्वच्छ ऐकू आलं. घोटीजवळच्या त्या गावात, समाजमंदिराच्या ओसरीवर मी सात बायांसमोर संमतीपत्र वाचत होते. शेजारच्या गिरणीतून भाताच्या कोंड्याचा गरम वास येत होता. सार्वजनिक आरोग्यातल्या पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये गावात जाऊन एक गटचर्चा घ्यावी लागते आणि सह्यांशिवाय ती धरली जात नाही. “सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून” हे वाक्य मीच इंग्रजीवरून मराठीत आणलं होतं. वाचताना मलाच ते सरकारी नोटिशीसारखं वाटलं. अंगठ्यासाठी आणलेला शाईचा पॅड उघडा पडून वाळत होता. गावची आशा कार्यकर्ती कुजबुजली, “मॅडम, योजनेचा फायदा मिळेल म्हणा, लगेच करतील.” मला ते पटेना. तेवढ्यात सगळ्यांत वयस्कर आजींनी सरळ विचारलं, “आन नाय केली सही, तर काय व्हईल गं पोरी?” आज कोर्सवर्क पूर्ण झाल्याचं पत्र हातात पडलं तेव्हा हायसं वाटलं, पण त्याहून जास्त हायसं त्या ओसरीवर वाटलं होतं, जेव्हा माझं उत्तर ऐकून आजींनी हसत पहिला अंगठा पुढे केला. मी कागद बाजूला ठेवून एवढंच म्हणाले होते, “आजी, मी नापास होईन. तुम्हाला काहीच होणार नाही.”