वणीच्या रस्त्यावरची शंभरी

नाशिक रोडहून निघालो तेव्हा साडूची नवी गाडी पुढे होती आणि माझी जुनी मागे. दिलीपरावांनी सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं. वणीच्या देवीला गाडी दाखवायची म्हणून दोन्ही घरं निघाली होती. माझी गाडी देवीनं अनेकदा पाहिली आहे, बहुतेक वेळा ढकलताना.

दिंडोरी मागे पडली. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि मधून सरळ रस्ता. दिलीपरावांनी वेग घेतला. मीही घेतला. हेव्याला पेट्रोल लागतंच, ते मी जाळलं. त्यांच्या मागच्या काचेवरची रिबीन वणीपर्यंत नजरेआड होऊ दिली नाही.

वणीत एका छपराखाली नागलीच्या (नाचणीच्या) भाकरी आणि ठेचा खायला थांबलो.

"शैलाताई, काटा शंभरला टेकवला होता!" दिलीपराव माझ्या बायकोला म्हणाले. "साडूभाऊ, तुमचा?"

"अठ्ठ्याऐंशी. पण मी तुमच्या मागेच होतो."

"तुमच्यासाठी हळू घेत होतो हो मी."

"दोन्ही गाड्या संगंच आल्या की," भाकरीवाल्या मावशी थापता थापता म्हणाल्या. "आन् घाई कशाला? आई काय गड सोडून चालली नाय."

सगळे हसले. शैला मात्र गळक्या छपराकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा शंभर आणि तिचा अठ्ठ्याऐंशी, हा हिशेब मला पुढची अनेक वर्षं ऐकावा लागणार होता.

गडावर दर्शन झालं. दिलीपरावांनी गाडीसाठी नमस्कार केला. मी त्यांचा काटा खोटा निघावा म्हणून.

उतरल्यावर म्हणालो, "दिलीपराव, जाताना एकदा चालवून बघू?" त्यांनी किल्ली लगेच दिली आणि माझ्या गाडीची घेतली. माणूस दिलदार आहे, हेही मला सहन होत नाही.

परतीच्या सरळ रस्त्यावर मी काटा शंभरला आणून तिथेच धरला आणि शैलाला घड्याळ बघायला सांगितलं. किलोमीटरचा एक दगड गेला, मग पुढचा.

"एक्केचाळीस सेकंद. कशाला मोजायचं हे?"

"असंच."

वेग खरोखर शंभर असता तर किलोमीटरला छत्तीस लागले असते. म्हणजे वेग अठ्ठ्याऐंशीच्या आसपास, माझा काटा सांगत होता तोच. कारखानेच काटा थोडा चढा ठेवतात. माझाही चढाच असणार. पण मी स्वस्तात मिळाले म्हणून एक नंबर मोठे टायर बसवले होते. मोठ्या टायरनं काटा कमी दाखवतो, म्हणजे एका चुकीनं दुसरी फेडली होती. माझी गाडी खरं बोलत होती, यात माझ्या सचोटीचा भाग नव्हता. तरी दिलीपरावांना ऐकवायचं भाषण मी मनात तयार करू लागलो.

तेवढ्यात शैला काट्याकडे वाकली. "अगंबाई, शंभर! अहो, तुम्ही शंभरनं चालवताय!" असा आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. मी कोपर खिडकीबाहेर काढलं.

नाशिक रोडला आमच्या मागोमागच दिलीपराव माझ्या गाडीतून उतरले. "साडूभाऊ, तुमची गाडी नव्वदच्या पुढे सरकतच नाही हो!"

मेहुणीनं विचारलं, "आणि भाऊजी, तुम्ही?"

एक्केचाळीस सेकंद माझ्या जिभेवर तयार होते.

"ह्यांनी शंभरनं आणली," शैला म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघत होते. भाषण केलं असतं तर दिलीपरावांची शंभरी गेली असती. पण आता तिच्यात माझीही होती.

"शंभरच," मी म्हणालो आणि किल्ली परत दिली.

मग माझ्या गाडीत जाऊन बसलो. काटा शून्यावर होता. तेवढं मात्र दोन्ही गाड्या अगदी बरोबर दाखवत होत्या.