घे म्हटल्याशिवाय

शेतीच्या औषधांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला एक रोग हमखास जडतो. त्याला वाटतं, जगातल्या प्रत्येक किड्यावर आपल्या फळीवर काहीतरी आहेच. पोखर्णीच्या रस्त्याला माझं दुकान आहे आणि तीस वर्षं मी गिऱ्हाइकांवर खेकसत आलोय. "पंपाला दोन झाकणं म्हणलं की दोनच टाकायची. चार टाकल्यानं अळी दोनदा मरत न्हाई." लोक मान डोलावतात आणि शेतात जाऊन चार टाकतात. जास्त टाकलं की जास्त गुण येतो, हे आमच्याकडे आईच्या दुधातूनच येत असावं.

तो आला तेव्हा कुत्र्याचं मुठीएवढं पिल्लू होता. सोयाबीनच्या बियाण्याच्या थप्पीमागे सापडला. मी हाकलायला निघालो होतो, पण बायकोनं आधीच वाटीत दूध ओतलं. मग काय, राहिला. आमचं घर महादेवाचं, घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे तोही ज्वारीची भाकर आणि दूध, कधी वरण, असं खाऊनच वाढला. त्याला नाव असं कुणी ठेवलं नाही. "ये रे" म्हटलं की यायचा.

दुकानात फळीफळीवर विष, कोपऱ्यात उंदरांच्या गोळ्या. म्हणून मी त्याला पहिला धडा दिला तो हा, की घे म्हटल्याशिवाय कशालाही तोंड लावायचं नाही. भाकरीचा तुकडा समोर ठेवायचा, हाताचा पंजा उघडा धरून "थांब" म्हणायचं. झेपावला की तुकडा उचलायचा. थांबला की "घे". मी रागीट माणूस, पण का कोण जाणे, त्याच्यावर कधी हात उचलला नाही, आणि त्यालाही त्याची गरज पडली नाही. महिनाभरात तो भाकरीसमोर लाळ गाळत बसायचा, पण हलायचा नाही. मी मुद्दाम गिऱ्हाइकांशी गप्पा लांबवायचो, मग म्हणायचो घे. लोक तोंडात बोटं घालायचे. "पोरं ऐकत न्हाईत मालक, तुमचं कुत्रं ऐकतंय." माझी छाती फुगायची. आता ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

सकाळी पूजा झाली की मी कपाळाला भस्म लावतो. तो उंबऱ्याबाहेर बसून बघायचा. एक दिवस बोटांना उरलेलं भस्म गमतीनं त्याच्या कपाळावर ओढलं, तर डोळे मिटून गप बसला. तेव्हापासून रोजच. तीन बोटं दिसली की मान पुढं करायचा. बायको म्हणायची, "आता गळ्यात लिंग तेवढं बांधा त्याच्या."

त्याची दुखणीखुपणी मात्र तीच बघायची. रेबीजची सुई, जंताचं औषध, पावसाळ्यात कान पुसणं. आणि गोचीड. दुपारी दुकानात वर्दळ नसली की ती ओट्यावर बसायची, त्याचं डोकं मांडीवर, शेजारी रॉकेलची वाटी, हातात चिमटा. कानाच्या घडीत, शेपटीखाली, बोटांच्या बेचक्यात बघत एकेक गोचीड मुळापासून ओढून वाटीत टाकायची. तासभर चालायचं हे. मी म्हणायचो, एवढी औषधं पडली आहेत दुकानात, कशाला बेजार होतेस? ती म्हणायची, "जित्राबाच्या अंगाला हात लागावा लागतो."

यंदाच्या उन्हाळ्यात तिची आई पडली आणि ती आठवड्यासाठी माहेरी, चुडाव्याला गेली. जाताना बजावलं, "रोज बघत जा त्याला. कानात बघा. अन् दवा लावू नका कसली." मी हो म्हटलं. पाच दिवस मी त्याच्या अंगाला हात लावला नाही. सहाव्या दिवशी बघतो तर कानात द्राक्षांसारखे गोचीड लगडलेले. दोन दिवसांनी बायको परत येणार. ती काय म्हणेल, या धाकानं मी उठलो आणि फळीवरची बाटली काढली. गाई-म्हशींच्या गोचिडाचं औषध. बाटलीवर म्हशीचं चित्र. बादलीला दोन झाकणं पुरली असती, तीही म्हशीसाठी.

मी चार टाकली. तीस वर्षं ज्याच्यावरून लोकांना झाडलं, तेच हातानं केलं.

तीन बोटं बुडवून आधी कपाळाला लावायला गेलो, तर त्यानं डोळे मिटून मान पुढं केली. त्याला वाटलं, भस्म. मग कान, पाठ, पोट, पाय, सगळं फडक्यानं भिजवलं. औषध अंगात मुरावं म्हणून त्याला ओट्यावर उन्हात बसवलं आणि पंजा उघडून म्हटलं, थांब.

शनिवार होता, देवाला जाणाऱ्यांची रस्त्यावर गर्दी, दुकानातही माणसं. तो दोनदा कण्हला. एकदा उठून मातीकडे निघाला, बहुतेक लोळायला. मी गल्ल्यावरूनच पंजा दाखवला. तो परत येऊन बसला. गिऱ्हाईक कौतुकानं हसलं. मीही हसलो.

तासाभरानं बाहेर आलो तेव्हा तोंडातून फेसासारखी लाळ गळत होती आणि पुढचे पाय थरथरत होते. तरी बसलेलाच होता.

शेजाऱ्याच्या टेम्पोतून त्याला मांडीवर घेऊन परभणीला नेलं. बाटलीही बरोबर घेतली. दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिनं बाटली वाचली, सुई दिली, सलाईन लावलं, साबणानं त्याचं अंग धुवायला घेतलं. मी पाणी ओतत होतो. ती म्हणाली, "काका, लावल्या लावल्या धुतलं असतं तरी जमलं असतं. पण ह्यानं अंग कसं न्हाई झटकलं? कुत्री पळतात, मातीत लोळतात. त्यानंच कितीतरी वाचतात."

मी म्हटलं, "माझं ऐकतो तो."

दुपारी चारच्या सुमाराला तो गेला.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. हा तर जन्मभर माझ्या एका शब्दावर बसत आलेला. बांधाच्या कडेला खड्डा खणला, पण मेलेलं अंग बसेना. आडवाच ठेवला. मी रडलो, मोठ्यानं रडलो, शेतात कुणी नव्हतं म्हणून बरं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. आईचं सांगून झालं आणि तिनं विचारलं, "त्यो काय करायलाय?"

"बसलाय ओट्यावर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. तोंडातून शब्द सहज निघत होते. लोकांच्या तोंडावर खरं बोलणारा म्हणून माझं नाव. बायकोशी मात्र दोनदा खोटं बोललो.

सोमवारी ती आली. ओट्यावर पिशवी ठेवली, इकडंतिकडं बघितलं, हाक मारली. पिशवीत त्याच्यासाठी माहेरून साय आणली होती, डब्यात. मी ठरवून ठेवलेलं बोललो. म्हटलं, "गेला तो. शनिवारी. बाहेर कायतरी खाल्लं असंल."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या बघण्यात संशय नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"तुमी घे म्हणल्याबिगर?" ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. चार झाकणं, बाटलीवरची म्हैस, डॉक्टरीण काय म्हणाली ते. फोनवरचं खोटंही सांगितलं. मला वाटलं होतं ती भांडेल, आणि तिनं भांडावं असंही वाटत होतं. ती त्या ओट्यावर बसली, जिथं तो बसायचा. रॉकेलची वाटी अजून कोपऱ्यात तशीच होती, आत दोन-तीन गोचीड सुकलेले. बराच वेळ ती डब्याचं झाकण उघडत होती, लावत होती.

"लय जळालं असंल अंग," ती शेवटी म्हणाली. "थांब म्हणला व्हता का त्याला?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मग बसला असंल," ती म्हणाली.