दारापाशी थांबलेली हलगी

दानियल मास्तर शाळेच्या फाटकाशी उभे दिसले, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी विपरीत झालंय. हा माणूस सायखेड्याकडून नाशकाला आला की आधी बाजार करणार, मग ओळखीपाळखीच्यांकडे चहा घेणार, आणि माझ्याकडे यायचंच झालं तर दोन दिवस आधी निरोप धाडणार. त्या दिवशी मात्र टांग्यातून उतरून थेट फाटकाशी, टोपी हातात. मुलींना पाढे म्हणायला लावून मी बाहेर आले. "शिमोन गेला, मार्थाबाई. पहाटे. झोपेतच." मग जमिनीकडे बघत म्हणाले, "मयतापुढं हलगी कोण वाजवणार, ते ठरवायला पाहिजे." रडू यायच्या आधी मला नवल वाटलं. कारण जन्मभर त्या हलगीवर दात धरून बसलेला माणूस कोण असेल, तर तो हाच.

त्याला आता महिना उलटून गेला. शिमोनमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. आई-बाप दोघंही तापात गेले तेव्हा मी पाळण्यातून नुकती खाली उतरले होते. मामानेच मला वाढवलं. बायकोने कुरकुर केली तेव्हा म्हणाला, "चार भाकरी थापतीस, तिथं पाचवी थाप." झालं, विषय संपला. आमची वस्ती गावाबाहेर, गोदावरीच्या अंगाला. गावकीचं काम म्हणून हलगी वाजवणं आमच्या माणसांकडे. कोणाच्या घरी लग्न, कोणाचं मयत, कसली दवंडी, की बोलावणं यायचं. जायचं, दाराबाहेर उभं राहायचं, वाजवायचं, पदरात टाकतील ते घेऊन परतायचं. मामाच्या हाताला असा गोडवा होता, की लग्नघरातले लोक जेवण टाकून ऐकत. पण आत ये, असं त्याला कधी कोणी म्हटलं नाही. पुढे वस्तीने बाप्तिस्मा घेतला, शिवरामचा शिमोन झाला, आणि दानियल मास्तरांनी पहिलं काम काय केलं, तर वस्तीतल्या हलग्या चुलीत घातल्या. मास्तर म्हणजे आम्हाला धर्म शिकवणारे. आमच्यातलेच, पण चार बुकं शिकलेले. मामाने मात्र आपली हलगी दिली नाही. "तिनं काय पाप केलंय?" एवढंच विचारलं त्याने.

मला शिकायला नाशकात नन्सकडे ठेवलं तेही मामानेच. तिथे सिस्टरांनी मला पायपेटी शिकवायला घेतली, आणि माझी त्रेधा उडाली. सूर यायचे, ताल मेला येईना! सिस्टर पट्टीने बोटांवर मारून थकल्या. मामा महिन्यातून एकदा भेटायला यायचा, त्याच्याजवळ मी भोकाड पसरलं. त्याने मला भेटीच्या खोलीत बाकावर बसवलं, माझ्या पाठीवर दोन बोटांनी ठेका धरला आणि म्हणाला, "मार्थे, ताल हातात नसतो गं. चालण्यात असतो. ह्याच्यावर पाय हालीव." मी हलवला. पुढच्या आठवड्यात सिस्टर म्हणाल्या, देवाने प्रार्थना ऐकली. मी म्हटलं, हो सिस्टर.

आमच्या वस्तीच्या देवळातले, म्हणजे चर्चमधले, फादर मूळचे जर्मन. मराठी शिकले होते पुण्याच्या एका शास्त्रीबुवांकडून, त्यामुळे बोलायचे पोथीसारखं. "तुमचे क्षेम आहे ना?" असं विचारलं की आमच्या बायका घाबरून पदर सावरायच्या. माणूस लाखात एक. रात्री-अपरात्री सायकल काढून आजाऱ्याकडे जाणारा. पण नियम म्हणजे नियम. एकदा मामाने सरळ विचारलं, मिस्साला, म्हणजे आमच्या मुख्य पूजेला, हलगी वाजवली तर चालेल का? फादरांनी समजावलं, की रोमची आज्ञा आहे. देवळात गोंगाटी वाद्यं वर्ज्य. ढोल नको, झांजा नकोत, पियानोसुद्धा नको.

"पियानो म्हंजी काय?" मामाने मला हळूच विचारलं. मी सांगितलं, साहेबांच्या घरात असतं ते मोठं वाद्य. मामाचा चेहरा पडला. "अरारा... त्यालाबी गावाबाहेर ठेवलंय व्हय? बिचारा."

सणावाराला मी गावच्या देवळात पायपेटी वाजवायचे, तिला मात्र कोणाची हरकत नव्हती. ती बोटीतून आलेली होती ना! तीच हाताने भाता मारायची पेटी असती, तर ती तमाशातली. मला गप्प बसवेना. म्हटलं, "फादर, भाता पायाने मारला की पवित्र आणि हाताने मारला की नाटकी, असं आहे का?" फादर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. दाढीला हात लावून विचारात पडले. हे त्यांच्यात फार चांगलं होतं.

मामाने पुन्हा विचारलं नाही. पण दर शनिवारी संध्याकाळी अंगणात गवत-काड्या पेटवून तो हलगी शेकायचा. हलगीचं कातडं गारठ्याने सैल पडतं. जाळावर धरलं की ताणतं आणि मग आवाज कसा खणखणीत निघतो. शेकून झाली की एकदाच बोटाने टिचकी मारून बघायचा आणि पुन्हा खुंटीला टांगायचा. मामी वैतागायची. "वाजवायची नाय तर शेकता कशाला?" मामा म्हणायचा, "उद्या बोलावणं आलं तर? देवाला काय थांब म्हनायचं, हलगी गार हाय म्हणून?" मी एकदा जरा चिडूनच विचारलं, की एवढा हट्ट कशासाठी? तेव्हा तो म्हणाला, "मला वाचता येत न्हाई. फादरची ती लॅटिन तर तुलाबी कळत नसंल. सगळ्यांच्या दारात हुकमानं वाजवली, पोरी. एकदा माझ्या देवाम्होरं माझ्या मर्जीनं वाजवू दे. मला द्याया दुसरं हाय काय?" 

एका वर्षी फादरांनी मृत ख्रिस्ताची लाकडी मूर्ती आणवली. गुड फ्रायडेला ती तिरडीवर ठेवून देवळाच्या आवारातून न्यायची होती. आता आमची रीत अशी, की गुरुवारपासून शनिवार सकाळपर्यंत देवळातली घंटा बंद, पायपेटी बंद, सगळं मुकं. लाकडाचा एक कटकटा तेवढा वाजवायचा. मी त्या वर्षी सणाला पेटी वाजवायला म्हणून गावी गेले होते आणि गर्दीत नुसतीच उभी होते. तिरडी उचलली, सगळे मान खाली घालून निघाले... आणि एकदम हलगी कडाडली! मामा तिरडीपुढे. अंगात धुतलेली बंडी, डोळ्यांतून धारा, आणि हातात मयताचा तो संथ, जड ठेका. वर्षातल्या ज्या एकाच दिवशी टाचणी पडल्याचा आवाजही चालत नाही, नेमका तोच दिवस त्याने धरला होता.

फादर लालबुंद झाले. "थांबा! आजचा दिवस मौनाचा आहे!" मामा थांबला, पण बावचळून गेला. "फादर, मयत काय मुक्यानं न्यायचं? चोरानं न्यावं तसं? आवं, पाटलाचं मेलं तर म्या दोन कोस वाजवत जातो, आन् आज देव मेला तर गावाला कळायबी नको?"  तेवढ्यात दानियल मास्तर पुढे आले आणि त्यांनी मामाच्या हातातलं वाजवायचं टिपरू हिसकावलं. "याच्याचपायी जन्मभर गावाबाहेर राहिलो आपण! लाज नाही वाटत?" पुढची वाट मामा हलगी छातीशी धरून मुकाट चालला. मला मामाची कीव आली, आणि खरं सांगते, मास्तरांचीही. त्यांचे वडील हलगी वाजवता वाजवता, दुसऱ्याच्या दारात, उन्हात कोसळून गेले होते. ते काही उगाच चिडत नव्हते.

फादरांना रात्रभर झोप लागली नसावी. शनिवारी सकाळी घंटा पुन्हा वाजली, माझी पेटी उघडली, आणि पूजेनंतर त्यांनी मामाला बोलावलं. तोडगा काढला होता. उद्या ईस्टर, पुनरुत्थानाचा सण. नियम देवळाच्या आतला आहे. तेव्हा शिमोनने देवळाच्या दाराबाहेर उभं राहून वाजवायला हरकत नाही. मामाला आभाळ ठेंगणं झालं. "भायेर तर भायेर! मला सवय हाय."

हे ऐकलं आणि दानियल मास्तरांचा पारा चढला. मला वाटलं, हलगी नको म्हणून भांडतील. छे! ते फादरांसमोर जाऊन उभे राहिले. "फादर, तिकडं नाशकात आमच्यासारखी माणसं देवळाच्या दारात उभी राहून मार खातायत, आत घ्या म्हणून. आणि इथं, आमच्या स्वतःच्या देवळात, शिमोनला बाहेर उभं करणार तुम्ही? हलगी मला नको, कधीच नको. पण ती आतच येणार नसेल तर शिमोन आत येईल, रिकाम्या हातानं, आमच्यासोबत बसेल. माझा माणूस दाराबाहेर उभा राहून वाजवणार नाही." आणि मग मामाकडे वळून, "सवय आहे म्हणतोस? तीच मोडायला आलो ना आपण इथं?"

 फादर खुर्चीवर बसले. नियम मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि मास्तरांचं बोलणं तर मोडून काढण्यासारखं नव्हतंच. मी तिथून निघाले ती धास्तावूनच, की आता मामा कायमचा हिरमुसणार.

ईस्टरच्या सकाळी मामा रिकाम्या हाताने आत आला आणि मास्तरांच्या शेजारी बसला. हलगी बाहेर लिंबाच्या पारावर ठेवलेली. काल शनिवार होता, म्हणजे शेकलेलीच होती. मिस्सा झाली. एरवी फादर आतल्या खोलीत जातात. त्या दिवशी ते क्रूस हातात घेऊन वेदीच्या पायऱ्या उतरले, सरळ लोकांमधून चालत दाराबाहेर पडले आणि सगळ्यांना मागे यायची खूण केली. म्हातारे-कोतारे, लेकुरवाळ्या, मी, झाडून सगळे निघाले. लिंबाखाली पोचल्यावर फादरांनी स्वतः हलगी उचलून मामाच्या हातात दिली. "शिमोन, आत आता कोणीही नाही. आपण सर्वच बहिर्भागी आहोत. तेव्हा बाहेर कोणी उरला नाही."

"काय म्हनले?" मामाने मला विचारलं.

"वाजव म्हणाले, मामा."

आणि मग त्याने जी वाजवली! मी काय वर्णन करू... बायका टाळ्या वाजवत होत्या, फादर डोळे मिटून उभे होते, दाढी हलत होती. मास्तर हाताची घडी घालून, तोंड वळवून बाजूला. पण माझी नजर वाईट. मला त्यांच्या वहाणेतला अंगठा दिसला. ठेक्यावर पडत होता, अगदी चोख.

तेव्हापासून दर ईस्टरला आमच्याकडे सगळे बाहेर येतात. आत हलगी कधी वाजली नाही. मामाला त्याची खंत राहिली नाही. "देव भायेर येतो की," म्हणायचा.

मामाच्या मयताच्या दिवशी टांग्यातून गावी जाताना मी मास्तरांना विचारलं, की वस्तीत आता हलगी येते तरी कोणाला? "पोरं बँडमागं लागलीत. त्यांना पितळी वाद्यं पाहिजेत," ते म्हणाले. मग त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. "मला येते," म्हणाले. "बापानं शिकवली होती."

शवपेटीपुढे घरापासून देवळापर्यंत दानियल मास्तरांनी हलगी वाजवली. तोच संथ, जड ठेका. सगळी वस्ती थक्क होऊन मागे चालत होती. देवळाच्या दाराशी ते थांबले. नियम सगळ्यांना ठाऊक. फादर दारात उभे होते, आता पार पांढरे झालेले. त्यांनी मास्तरांच्या हातातली हलगी घेतली, शवपेटीवर ठेवली, वर दोन्ही काड्या ठेवल्या, आणि म्हणाले, "वाजवण्यास मनाई आहे. येण्यास नाही." असा मामा हलगी घेऊन आत गेला. मला तेव्हा जे रडू फुटलं ते दुःखाचं होतं, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. देवाने मला असा मामा दिला, असे मास्तर, असे फादर दिले... कोणाकोणाचे आभार मानू?

मातीच्या वेळी मास्तरांनी हलगी पुन्हा उचलली आणि माझ्याकडे दिली. आता ती माझ्या खोलीत खुंटीला आहे. मला ती वाजवता येत नाही. पण शनिवारी संध्याकाळी मी शेगडीवर धरून शेकते, एकदा टिचकी मारून बघते आणि टांगते. शेजारीण विचारते, वाजवायची नाही तर शेकता कशाला? तिला काय सांगायचं! रविवारी मी देवळात पायपेटीवर बसते, पहिलं गाणं सुरू होतं, आणि पाय आपोआप मामाच्या ठेक्यावर पडतो. इतकी वर्षं मिस्साला आत तेच वाजतंय. रोमला अजून कळलेलं नाही.