खिळ्यावरचा मेलेला स्विच

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं मी शाळेत असल्यापासून चौकाचौकात वाटलीत. "चमत्कार करून दाखवा!" असं आव्हान देणाऱ्या दोन पत्रकांचा मजकूर तर माझाच. म्हणूनच हे लिहिणं भाग आहे... पाहिलेलं लपवणं आमच्यात बसत नाही.

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझ्या मामाचं दुकान आहे. गिझर, कूलर, दुधाच्या टाक्या यांचे टेम्परेचर स्विच आम्ही निवडून देतो. किती डिग्रीचा हवा हे बघायचं, आणि तापल्यावर बंद होणारा की चालू होणारा हे बघायचं. हीटरला बंद होणारा लागतो, थंड करणाऱ्या मशीनला चालू होणारा. माल सुटा येतो, वरून दोन्ही सारखेच दिसतात.

आमचे सिद्धराममिस्त्री देण्याआधी प्रत्येक स्विच माठातल्या पाण्यात, मग गरम पाण्यात बुडवायचे, 'टक' ऐकायचे, तारांना छोटा दिवा जोडून तो कधी पेटतो ते बघायचे. मग त्याला चादरीच्या कारखान्यातलं सूत बांधायचे, लाल नाहीतर निळं. या बुडवण्याला मी "मिस्त्रींची पूजा" म्हणायचे. गेल्या थंडीत मिस्त्री वारले आणि मी ती पूजा बंद केली.

मे महिना, मंगळवार, दुपारचे सव्वादोन. अक्कलकोटकडच्या महादेवीअक्का धापा टाकत आल्या. त्यांच्या अंडी उबवायच्या मशीनचा स्विच जळाला होता. आत दोनशे अंडी, अठरावा दिवस.

"जाऊबाई हातानं बल्ब चालू-बंद करत बसलीया. बेगा बेगा दे बाई, तीनची बस हाय!"

"हीटरचा ना? मग लाल," मी म्हणाले. लाल म्हणजे गरम, एवढं कुणालाही कळतं. मिस्त्रींनी बांधून ठेवलेल्या मालाच्या डब्यात त्या दिवशी पहिल्यांदाच हात घातला आणि लाल सुताचा स्विच काढला.

टक.

वर खिळ्याला मिस्त्रींचा जुना नमुन्याचा स्विच टांगलेला असतो. आवाज तिथून आला होता.

"मामा, तो वाजला?"

"ते कसं वाजंल? त्याची नळी कापलेली हाय, टक करणारा ग्यास कवाच उडून गेलाय. मेलंय ते."

मी पंखा बंद केला. लाल स्विच पुन्हा हातात घेतला... टक. निळा घेतला, शांत. लाल — टक!

"अगं बाई," अक्का म्हणाल्या, "कोण बोलतंय त्यात?"

"कुणी नाही!" मी जरा जास्तच जोरात म्हणाले. आणि रागानंच लाल स्विचला तपासायचा दिवा जोडून तो माठातल्या पाण्यात बुडवला. दिवा विझलेला. चहाच्या आधणात बुडवला, दिवा लख्ख! म्हणजे तापल्यावर चालू होणारा. मशीन जास्त तापलं की यानं हीटर बंद करायच्या ऐवजी चालूच ठेवला असता. दोनशे पिल्लं कवचातच उकडली असती.

मिस्त्रींचा लाल धागा 'तापल्यावर चालू' सांगत होता, आणि मी शहाणी तो 'हीटर' म्हणून वाचत होते. निळा बुडवून पाहिला, साडेसदतीसला लावला आणि अक्कांना बसपर्यंत स्कूटरवरून सोडलं.

चौथ्या दिवशी फोन आला. आधी नुसती चिवचिव, मग अक्का. "ऐकलीस का? घरभर नुसती पिल्लं! मिस्त्रीच्या नावानं नारळ फोडते बग."

"नारळ नाही, अक्का!"

"बरं, पेढे?"

"पेढे चालतील," मामा मागून ओरडले.

खिळ्यावरचा तो स्विच मी खोलून पाहिला. आतली पत्ती गंजून चिकटलेली, स्क्रू-ड्रायव्हरनं रेटली तरी हलेना. दुपारचं ऊन, पाल, शेजारचे माग, स्कूटरचा धक्का... सगळं तपासलं. डब्यातून मुद्दाम लाल काढून बघितला, अनेकदा. परत एकदाही वाजला नाही. कुणाकडे उत्तर असेल तर कळवा, फक्त 'आत्मा' म्हणू नका, त्यावरचं पत्रक माझ्याकडे आहे.

हार नाही, अगरबत्ती नाही. पण दुकानात पूजा पुन्हा सुरू झालीय, बुडवल्याशिवाय एकही स्विच बाहेर जात नाही. मामा म्हणतात, खिळ्यावरचं भंगार काढून टाक की आता.

मी अजून काढलेलं नाही.