वखारीच्या फाटकासमोर मामा

कोळसा जिभेवर ठेवून तो बरा की वाईट हे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्न ठरवताना ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मामा वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. तीस वर्षं त्यांनी भट्टीत फावड्याने कोळसा लोटला आणि वाफेची इंजिनं गेली तसे तेही निवृत्त होऊन गिरीजला आपल्या वाडीत येऊन राहिले. केळी, नारळ, थोड्या पानवेली आणि मधोमध विहीर, एवढाच त्यांचा संसार. मामी आधीच गेल्या होत्या. मामा वाडीत आले, पण त्यांचे पाय मात्र इंजिनावरच राहिले. कुठेही उभे राहिले तरी दोन्ही पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून, जमीन आता कुठल्याही क्षणी हलेल अशा तयारीत. देवळात आरतीलाही तसेच आणि आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्येही तसेच. त्यांच्यासोबत लिफ्टमध्ये तिसरा माणूस मावत नसे.

भट्टीच्या धडधडाटाने त्यांचे कान अधू झाले होते. त्यामुळे ते कुजबुजले की तीन वाड्या पलीकडचं कुत्रं भुंकायचं. शिवाय कुठलीही गोष्ट चाखून बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. विहिरीचं पाणी रोज सकाळी ओंजळीत घेऊन चाखायचं आणि मोठ्याने निकाल द्यायचा : "आज बरं आहे", "आज मचूळ आहे". मग पौर्णिमा-अमावास्येला सायकल काढून पाचूबंदरला जायचं आणि भरतीचं पाणी धक्क्याच्या कितव्या पायरीला लागतं ते बघत बसायचं. तिथे मासळी विकणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळीणबाईंशी त्यांची चांगली दोस्ती होती. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा ती मला म्हणाली, "तुमचे मामा पान्याची राखन करतात. मी बोलली, समिंदर मोजाया सरकार हाय ना! तर म्हनतात, सरकार पायरीवर येऊन बसतं का?"

हे वेड लागलं ते एका रविवारच्या पुरवणीमुळे. कोळशाच्या धुराने पृथ्वी तापते आहे, बर्फ वितळतं आहे, समुद्र चढतो आहे, किनाऱ्याच्या विहिरींत खारं पाणी शिरतं आहे, असं काहीतरी तिच्यात आलं होतं. आपण असलं वाचतो आणि शब्दकोडं सोडवायला घेतो. मामांनी मात्र ते कात्रण ओट्यावरच्या भिंतीला चिकटवलं. मी शहाणपणाने म्हणालो, "मामा, विहिरी मचूळ होतात त्या टँकरवाल्यांनी पाणी उपसलं म्हणून. धुराचा काय संबंध?" मामा कात्रणाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "असेल, जावईबापू. पण ते पाणी मी उपसलेलं नाही. धूर मी केलाय." तीस वर्षं पोटासाठी केलेल्या कामाचा हिशेब हा माणूस स्वतःकडेच मागत होता, आणि त्याला त्या बाबतीत माझ्याकडून दिलासा नको होता.

अशा माणसाच्या गावाच्या वेशीवर कोळशाची वखार यावी, याला काय म्हणावं? कोणा व्यापाऱ्याने मोकळी जागा भाड्याने घेतली, पत्रे ठोकले, आणि पूर्वेकडच्या कारखान्यांना नि वीटभट्ट्यांना लागणाऱ्या कोळशाचे डोंगर तिथे उभे राहिले. दोन महिन्यांत केळीची पानं काळी झाली. चर्चमध्ये मिस्सेला पांढरी साडी नेसून जाणाऱ्या शेजारच्या आजी घरी येईपर्यंत करड्या दिसू लागल्या. वारा फिरला की कोळशाची भुकटी पार पाचूबंदरपर्यंत जाऊन वाळत घातलेल्या बोंबलांवर बसायची. अर्ज झाले, साहेब येऊन बघून गेले, चहा पिऊन गेले. तेव्हा मामांनी ठरवलं की आता रस्त्यावर बसायचं. पहाटे ट्रक अडवायचे, आणि बेत अगदी गुप्त ठेवायचा. हा गुप्त बेत त्यांनी कोळीणबाईंच्या कानात भर बाजारात कुजबुजून सांगितला. दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीस माणसं रस्त्यात बसलो, आणि दुपारपर्यंत एकही ट्रक आला नाही. "बघा, नुसत्या बोलण्याने थांबले," मामा म्हणाले. या गोष्टीचं श्रेय आपल्या आवाजाला आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पण खरी लढाई झाली ती झाडूंची. मामांनी घरोघर सांगितलं : अंगण, ओटा, गच्ची, सगळं झाडा, निघेल ती भुकटी टाकू नका, गोण्यांत भरा. रविवारी सकाळी मिस्सा आटोपून आणि देवपूजा उरकून गाव निघालं. कोणाच्या डोक्यावर सिमेंटची गोणी, कोणाच्या काखेत पातेलं. पाचूबंदरच्या बायका टेंपो करून आल्या, त्यांच्या पाट्यांत काळे बोंबील होते. ते सगळं वखारीच्या फाटकात ओतलं आणि माणसं त्याच्यामागे बसली. मी नोकरीच्या भीतीने मागे उभा होतो. मामांनी मला हाताला धरून पुढे आणलं. "इथे बसा. तुमचा शर्ट पांढरा आहे, संध्याकाळी दाखवायला होईल." वखारीचा मॅनेजर बाहेर आला. तरुण, घामाघूम, बहुधा पहिलीच नोकरी. "अहो, हे काय आणलंत?"

"तुमचा माल," मामा म्हणाले. "उडून आमच्याकडे आला होता. परत घ्या."

"हा आमचाच कशावरून?"

मामांनी चिमूटभर भुकटी उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. चारशे माणसं माना उंचावून बघत होती. "तुमचाच आहे," ते म्हणाले. "आणि वाईट आहे. मातीच जास्त. तुम्हाला कोणीतरी फसवलंय." मॅनेजरलाही हसू आवरलं नाही. आम्ही मात्र उठलो नाही. पाळ्या लावून बसलो. बायकांनी तिथेच भाकऱ्या भाजल्या. पोलिसांनी दोनदा उचलून नेलं, दोनदा परत आणून सोडलं. मामा खोकत होते. डॉक्टरांनी त्यांना धुळीपासून लांब राहायला सांगितलं होतं, आणि ते सबंध दिवस धुळीच्याच फाटकात बसत. रागावून मी म्हणालो, "तुमच्या छातीचा तरी विचार करा." ते म्हणाले, "छाती माझीच आहे. फावडंही माझंच होतं." पंधरवड्याने वखार उठली.

गावात पेढे वाटले. मामांनी पेढा हातात धरून विचारलं, "वखार गेली कुठे?" खाडीपलीकडे, एका मिठागरांच्या गावात गेली होती. मामांनी पेढा तसाच खाली ठेवला. "म्हणजे आपण ती उचलून त्यांच्या मिठावर ठेवली," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते दोन एसट्या बदलून त्या गावी गेले. परत आले तेव्हा पुढच्या रविवारी सगळ्यांनी तिकडे बसायला चला म्हणाले. लोक हो म्हणाले. पण कोणाचं लग्न होतं, कोणाच्या पपनसाला पाणी द्यायचं होतं. मी एकदा गेलो. वखारीसमोर तिथली दहा-बारा माणसं बसली होती, ती आमच्याकडे संशयाने बघत होती. त्यानंतर माझ्या बँकेत ऑडिट आलं, मुलीची परीक्षा आली, आणि मग काही आलं नाही तरी मी गेलो नाही. कोळीणबाई अधूनमधून जायची. मामा दर रविवारी जात. विचारलं तर एवढंच सांगत, "आता तीस झाले", "आता साठ झाले." आम्ही आलो नाही याबद्दल एक शब्द नाही. जवळजवळ वर्षभर ते असे गेले. मग खोकला वाढला, आणि एका दुपारी ओट्यावर खुर्चीत बसल्याबसल्याच मामा गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिरडी बांधत होतो, तेव्हा वाडीच्या तोंडाशी एक टेंपो थांबला. त्यातून पन्नासेक माणसं उतरली. काळीसावळी, टाचा मिठाने फुटलेली. सगळी ओळीने आत आली, मामांच्या पाया पडली आणि नारळीखाली उभी राहिली. ती कोण हे आम्हाला ठाऊक होतं, तरी त्यांच्याकडे जायचं धाडस कोणाचं होईना. शेवटी मी पुढे झालो आणि पाणी विचारलं. एका बाईने तांब्या घेतला. "वखार अजून हाय," ती म्हणाली, "पन आता रात्रीचे ट्रक येत नाय." मग तिने अंगणातल्या माणसांवरून नजर फिरवली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, असली तर थोडी उत्सुकता होती. "तुम्हीच का ती गिरीजची लोकं? मामा दर येळी सांगायचे, गिरीजची लोकं मागून येतायत, येवढ्यात पोचतील. आम्ही म्हनायचो, बरं. जागा धरून ठेवायचो."

ती पाणी प्यायली आणि तिने तांब्या माझ्या हातात दिला.

पुढच्या रविवारी आम्ही सतरा जण गेलो. त्यांनी सरकून जागा करून दिली.