कलाबाईचं गाणं आणि भाईदासचं ताट

भाईदासचं नाव निघालं की सुरतेकडच्या कोसाडमधल्या कलाबाईच्या अंगाची आग व्हायची, आणि ती आग तिनं कधी विझू दिली नाही. क्षमा-बिमा थोरामोठ्यांनी करावी. कलाबाईला ती करायची नव्हती.

सगळं एका हळदीच्या गाण्यावरून. ते तिनं स्वतः जुळवलं होतं, पलसाण्याच्या मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालता घालता, धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी. भाईदास तेव्हा सुरतेत अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी काढायचा. 'आवाज तपासायला' म्हणून त्यानं तिला बोलावलं, अख्खं गाणं टेप करून घेतलं आणि कळवतो म्हणाला. काही महिन्यांनी गाणं मांडवामांडवातून वाजायला लागलं. आवाज धुळ्याच्या कुणा बाईचा, शब्द आणि चाल म्हणे भाईदासची.

मग गाणं सुटलंच. सीडी निघाली, तिच्यात एका बाप्यानं बायकांची हळद गायली. डीजेवाल्यांनी धडाधड ढोल घालून रिमिक्स केलं. शेवटी हजीऱ्याकडच्या समुद्रावर पोरी नाचवून यूट्यूबला व्हिडिओ आला, तो सुरतेपासून जळगावपर्यंत घरोघर पोचला. दर खेपेला गळा नवा, चाल तीच आणि नाव भाईदासचं. "हाई गानं मनं शे," हे गाणं माझं आहे, असं कलाबाई एकदा मिलमध्ये बोलून गेली, तर बाया फिदीफिदी हसल्या. त्या दिवसापासून तिनं लग्नात गाणंच सोडलं.

आणि यंदा शेजारच्या उषाबाईच्या मुलीचं लग्न ठरलं ते चेतनशी, भाईदासच्या मुलाशी.

"पंगतमा गाना म्हनाले येजो," उषाबाईनं भीत भीत गायला बोलावलं. मुलाकडची पंगत बसली की मुलीकडच्या बायकांनी व्याह्याचं नाव घेऊन शिव्यांची गाणी म्हणायची, ही आपल्याकडची रीत. व्याह्यानं हसत जेवायचं. चिडून ताटावरून उठला, तर जन्मभर त्याचीच नाचक्की. कलाबाई क्षणात हो म्हणाली. तिची सून सुषमा बघतच राहिली.

लग्नाच्या दुपारी भाईदास फेटा बांधून पंगतीत मधोमध बसला. हौस दांडगी! लग्न त्याच्याच चॅनेलवर थेट दिसत होतं. शिव्यांची गाणी लोक आवडीनं बघतात हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं, म्हणून त्यानंच माईक बायकांपुढे धाडला. कलाबाईला त्यानं ओळखलं नाही. याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

तिनं माईक हातात घेतला आणि तीच हळदीची चाल लावली.

"भाईदास याही बसना जेवाले,
मनं गानं चोरीसन गया मिरवाले."

पंगत खदखदून हसली. भाईदासही हसला. पुढच्या कडव्यात ती आवाज तपासायची खोली आली, त्याच्या पुढच्यात कॅसेट, मग सीडी, आणि प्रत्येक कडव्यात 'शब्द कलाबाईना, नाव भाईदासनं' हा एकच पालुपदाचा तडाखा. भाईदासच्या हातातली पुरी हातातच राहिली. त्यानं कॅमेऱ्यावाल्याला बंद कर म्हणून डोळ्यांनी खुणावलं, पण तो बिचारा हसून हसून बेजार. मिलमधल्या बाया पालुपद उचलून टाळ्या वाजवायला लागल्या. उषाबाईचं तोंड उतरलं. भाईदासनं उठावं तर नाचक्की, बसावं तर गाणं संपेना, आणि ते कधी संपवायचं हे कलाबाईच्या हातात होतं.

शेवटी भाईदासनं खरकटे हात जोडले. "गानं कलाबाईनं शे," गाणं तिचंच, असं त्यानं सगळ्यांदेखत, कॅमेऱ्यासमोर कबूल केलं.

सुषमानं सासूचा पदर ओढला, "आई, झालं ना आता."

कलाबाई घोटभर पाणी प्यायली. बरं वाटलं तिला, खूप बरं वाटलं. पण थांबावंसं मुळीच वाटलं नाही.

"याहीले आखो पुऱ्या वाढा," ती माईकमध्ये म्हणाली. "आजून रिमिक्स बाकी शे."